पुन्हा विचारलेला प्रश्न

‘सार्वभौम’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. प्राचीन संस्कृत वाङ्मयात तो सगळ्या पृथ्वीचे स्वामित्व मिरविणाऱ्या चक्रवर्ती सम्राटासाठी योजला जाई. अर्थात एका वेळी एकच सार्वभौम असू शकत असे. आज जगाच्या पाठीवर दोनशेच्या आसपास राष्ट्रे आहेत आणि प्रत्येक राष्ट्र स्वतःला सार्वभौम म्हणविते. इतकेच नव्हे, तर सम्राटाच्या मस्तकावरील मुकुट आपण काढून घेतला आणि तो जनतेच्या मस्तकावर ठेवला, असेही आपण अभिमानाने सांगतो. परंतु जनतेला मस्तक असते कोठे? ती बोलते केव्हा, कोणाच्या तोंडाने बोलते, आणि एकदा बोलल्यावर तिचा शब्द अखेरचा मानायचा की नाही? गेल्या तीन-चार दशकांत हे प्रश्न युरोप खंडात ज्या निकडीने उभे राहिले, तसे अन्यत्र क्वचितच उभे राहिले असतील. तेथील सामान्य माणसाला आपल्या राष्ट्राची सत्ता आणि युरोपची सामाईक सत्ता यांविषयी काय वाटते, याची चर्चा अर्थशास्त्रज्ञ व मुत्सद्दी करीतच असतात. त्यामागे दडलेल्या नैतिक प्रश्नाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. तो प्रश्न म्हणजे लोकांच्या नकाराचे काय करावे?

सार्वभौमत्वाची आधुनिक व्याख्या झां बोदँ या फ्रेंच न्यायपंडिताने केली. त्याचा राज्यसंस्थेवरील ग्रंथ १५७६ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी चारच वर्षे, १५७२ मध्ये, सेंट बार्थोलोम्यूच्या सणाला पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांचे शिरकाण झाले होते. ते कॅथलिक हातांनी झाले, हेही आपण विसरू नये. त्या यादवीने होरपळलेल्या बोदँला वाटले की, राज्यात अंतिम निर्णयाचा अधिकार एकाच ठायी, अखंड आणि अविभाज्य असल्याखेरीज शांतता नांदणार नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असाच त्याच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. औषध म्हणून हा विचार गुणकारी ठरला. परंतु घरातील भांडण मिटविण्यासाठी सिद्ध केलेले औषध शेजाऱ्याशी व्यवहार करताना विष ठरावे, तसे पुढे घडले. फ्रान्स व जर्मनी यांच्या सीमेवरील लोरेन प्रांताचा मोठा भाग १८७१ ते १९४५ या पाऊणशे वर्षांत चार वेळा या हातातून त्या हातात गेला. प्रत्येक वेळी नवा सार्वभौम, नवा ध्वज, शाळेत नवी भाषा. आणि तेथील शेतकऱ्याला कोणीही काहीही विचारले नाही.

रोबेर शूमान हे त्याच मातीशी नाते सांगणारे गृहस्थ. वडील लोरेनचे, जन्म १८८६ मध्ये लक्झेंबर्गचा, जन्माने जर्मन नागरिक आणि पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच. इटलीचे आल्चिदे दे गास्पेरी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जन्मले आणि व्हिएन्नाच्या संसदेत बसले होते. तिसरे कोन्राड आडेनाउअर हे फ्रान्सच्या बाजूला तोंड करून असलेल्या ऱ्हाइनलँडचे. तिघेही श्रद्धावान कॅथलिक, तिघांनाही जर्मन भाषा अवगत, आणि माणूस जागचा न हलता सीमारेषा त्याच्या घरावरून कशी पुढे सरकते हे तिघांनीही पाहिलेले. ९ मे १९५० रोजी शूमान यांनी कोळसा व पोलाद या युद्धाच्या दोन कच्च्या मालांवर सामाईक नियंत्रण आणण्याची योजना मांडली आणि पुढच्या वर्षी सहा देशांनी तसा करार केला. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये शूमान यांना ‘वंदनीय’ घोषित केले, ही गोष्ट पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. त्यांच्या पुण्याईविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या सहा देशांपैकी एकाही देशात ‘असे करू का?’ म्हणून जनतेला विचारले गेले नाही. संसदांनी संमती दिली. युद्धाच्या राखेतून उठलेल्या पिढीला त्यात वावगेही वाटले नसावे. पण वडीलधाऱ्यांनी मुलांच्या कल्याणासाठी त्यांना न विचारता निर्णय घ्यावा, तशी ही सुरुवात होती. आणि मुले मोठी झाल्यावर अशा सुरुवातीचा हिशेब मागतात.

सत्ता कशी सरकली, तेही पाहण्यासारखे आहे. मिलान येथील फ्लामिनियो कोस्ता नावाच्या वकिलाने वीज उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाच्या निषेधार्थ आपले विजेचे बिल भरण्यास नकार दिला. रक्कम दोन हजार लिराही नव्हती. त्या क्षुल्लक बिलावरून निघालेल्या खटल्यात १९६४ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरविले की, सदस्य राष्ट्रांनी आपले काही सार्वभौम अधिकार कायमचे मर्यादित करून घेतले आहेत आणि सामाईक कायदा व राष्ट्रीय कायदा यांत विरोध आल्यास सामाईक कायदाच श्रेष्ठ. बोदँची अखंड तलवार अशी एका विजेच्या बिलाने दुभंगली. सामान्य माणसाला याची वार्ताही लागली नाही.

या सरकत्या सत्तेला आवर घालणारे तत्त्व युरोपने ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीतून घेतले, हे विशेष. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात सहायकतेचे तत्त्व मांडले होते. जे काम लहान समूहाला झेपते, ते मोठ्या समूहाने त्याच्याकडून हिरावून घेणे हा अन्याय आहे. जे कुटुंबाला जमते त्यात गावाने हात घालू नये, जे गावाला जमते त्यात राज्याने. मात्र जेथे लहानाचे बळ अपुरे पडते तेथे मोठ्याने साहाय्यास धावावे. मुसोलिनीची सत्ता इटलीवर असताना लिहिलेले हे तत्त्व १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने युरोपच्या कायद्यात आणले. तत्त्व सुंदर आहे. पण एखादे काम लहानाला झेपते की नाही, हे ठरवायचे कोणी? मोठ्यानेच ठरवायचे असेल तर तत्त्वाचा निम्मा अर्थ हरपतो. आणि लहानाने ‘हे आमचे आम्ही पाहू’ असे म्हटल्यावर काय?

आयर्लंडचा इतिहास या संदर्भात नीट अभ्यासावा असा आहे. त्या देशाची १९३७ ची राज्यघटना सांगते की, परमेश्वराच्या अधीन राहून सर्व सत्ता लोकांपासून उगम पावते. १९७२ मध्ये ८३ टक्के मतदारांनी युरोपीय समुदायात जाण्यास होकार दिला. पुढे सरकार नवे करार आपल्याच अधिकारात मंजूर करू लागले, तेव्हा रेमंड क्रॉटी नावाचे एक अर्थतज्ज्ञ, जे आधी शेतकरी होते, न्यायालयात गेले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, परराष्ट्र धोरणाचे स्वातंत्र्य सरकारच्या मालकीचे नाही. ते लोकांनी सरकारकडे विश्वासाने सोपविलेले आहे आणि लोकांना विचारल्याखेरीज सरकारला ते बांधून टाकता येणार नाही. तेव्हापासून आयर्लंडमध्ये प्रत्येक मोठ्या युरोपीय करारासाठी सार्वमत घ्यावे लागते.

जून २००१ मध्ये नीस कराराविषयी सार्वमत झाले. पूर्व युरोपातील राष्ट्रांना संघात सामावून घेण्यासाठी हा करार होता. मतदानाला जेमतेम ३५ टक्के लोक आले आणि त्यांतील सुमारे ५४ टक्क्यांनी नकार दिला. आपली लष्करी तटस्थता जाईल, मोठ्या राष्ट्रांपुढे आपला आवाज क्षीण होईल, ही भीती त्यामागे होती. सरकारने मधल्या काळात इतर राष्ट्रांकडून तटस्थतेविषयी जाहीर ग्वाही मिळविली आणि लोकांच्या संमतीवाचून सामाईक संरक्षणव्यवस्थेत जाता येणार नाही, अशी तरतूद राज्यघटनेत घालण्याचे ठरविले. ऑक्टोबर २००२ मध्ये प्रश्न पुन्हा विचारण्यात आला आणि सुमारे ६३ टक्क्यांनी होकार दिला.

येथे आकड्यांपाशी थोडे थांबले पाहिजे. पहिल्या वेळी नकाराची मते ५ लाख २९ हजार होती. दुसऱ्या वेळी ती ५ लाख ३५ हजार झाली. म्हणजे नकार देणारे बहुतांशी तसेच राहिले. होकाराची मते मात्र ४ लाख ५३ हजारांवरून ९ लाख ६ हजारांवर गेली. पहिल्या खेपेस घरी बसलेले लोक दुसऱ्या खेपेस बाहेर पडले होते. मग ‘जनतेचा कौल’ नेमका कोणता? ज्यांना आपल्या मताची चाड होती आणि जे प्रथमच घराबाहेर पडले त्यांचा, की ज्यांना उठविण्यासाठी दुसऱ्यांदा घंटा वाजवावी लागली त्यांचा? न येणाऱ्याचे मौन ही संमती मानावी असे कायदा म्हणत नाही, आणि तो नकार मानावा असेही म्हणत नाही. मला स्वतःला दुसरा कौल अधिक प्रातिनिधिक वाटतो. पण पहिल्या दिवशी पावसापाण्याची पर्वा न करता मत देणाऱ्याला फसविल्यासारखे वाटले असेल, तर त्याला दोष देववत नाही.

लिस्बन कराराच्या वेळी तेच पुन्हा घडले, पण निराळ्या रीतीने. जून २००८ मध्ये ५३ टक्क्यांनी नकार दिला. ‘कळत नसेल तर नाही म्हणा’ अशी घोषणा विरोधकांनी दिली होती, आणि नंतरच्या पाहणीत नकाराचे सर्वांत मोठे कारण ‘करार समजलाच नाही’ हेच निघाले. या घोषणेची टवाळी पुष्कळ झाली. परंतु न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवू नये, ही आपल्याकडील कोणत्याही शहाण्या शेतकऱ्याची रीत आहे. तिच्यात हसण्यासारखे काय आहे? त्यानंतर करनिर्धारण, तटस्थता आणि जीविताचा हक्क यांविषयी लेखी हमी देण्यात आली; प्रत्येक राष्ट्राचा एक आयुक्त कायम राहील असे मान्य झाले. ऑक्टोबर २००९ मध्ये ६७ टक्क्यांनी होकार दिला. या वेळी नकाराची मते ८ लाख ६२ हजारांवरून ५ लाख ९५ हजारांपर्यंत उतरली. या खेपेस माणसांनी खरोखरच आपले मत बदलले होते. मात्र मधल्या वर्षात आयर्लंडच्या बँका कोसळल्या होत्या आणि बेकारी जवळजवळ दुप्पट झाली होती. हमीने मने वळली की भीतीने, हे कोण सांगू शकेल?

आपल्या समाजात ‘होकार’ आणि ‘नकार’ हे शब्द सर्वांत अधिक वापरले जातात ते सोयरिकीच्या बोलण्यांत. मुलीने नकार दिला म्हणजे विषय संपला, असे नेहमीच होत नाही. एखादी शहाणी आई विचारते, ‘बाळ, तुला खटकते ते काय?’ मुलगी मनातील सांगते, त्या गोष्टीचा उलगडा होतो आणि क्वचित ती आपण होऊन होकार देते. दुसऱ्या एखाद्या घरी मात्र नातेवाईक रोज संध्याकाळी येऊन बसतात आणि मुलगी थकेपर्यंत तोच प्रश्न विचारीत राहतात. दोन्ही घरी प्रश्न पुन्हाच विचारला गेला. दोन्ही घरी शेवटी होकारच आला. तरी वेदीसमोर धर्मगुरू जेव्हा स्वेच्छेविषयी विचारतात, तेव्हा त्या दोन होकारांचे मोल एकच असते असे आपण म्हणणार नाही. पुन्हा विचारण्यात पाप नाही. मधल्या काळात विचारणाऱ्याने स्वतः काही बदलले का, हे पाहावे लागते.

आयर्लंडपुरते बोलायचे तर काही बदलले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. सामाईक संरक्षणाविषयीचे ते कलम आजही आयरिश राज्यघटनेत आहे. लिस्बन करारानुसार आयुक्तांची संख्या घटवायची होती. आयरिश नकारामुळे ती घटली नाही. आज माल्टासारख्या चिमुकल्या देशालाही युरोपीय आयोगात स्वतःचा माणूस पाठविता येतो, तो डब्लिन आणि कॉर्कमधील हट्टी मतदारांच्या कृपेने. तरीही एक काटा सलत राहतो. होकार आल्यानंतर ‘नीट विचार करून पुन्हा सांगा’ असे कोणी कधी म्हटले नाही. पुनर्विचाराची ही संधी एकाच बाजूने दिली जात असेल, तर देणाऱ्याच्या हेतूविषयी शंका येणारच.

याहून गंभीर गोष्ट फ्रान्स आणि नेदरलँड्समध्ये घडली. २९ मे २००५ रोजी फ्रान्समध्ये सुमारे ५५ टक्क्यांनी आणि तीन दिवसांनी नेदरलँड्समध्ये ६१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी युरोपच्या राज्यघटनेचा करार फेटाळला. मतदानाला फ्रान्समध्ये ६९ टक्के लोक आले होते. उदासीनतेची सबब येथे चालण्यासारखी नव्हती. त्यानंतर ‘राज्यघटना’ हे नाव आणि ध्वज-गीताचा उल्लेख गाळून त्यातील बहुतेक आशय लिस्बन करारात उतरविण्यात आला आणि दोन्ही देशांच्या संसदांनी तो मंजूर केला. या वेळी प्रश्न पुन्हा विचारलाच नाही; तो लोकांच्या हातातून काढून घेतला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, निकोला सार्कोझी यांनी २००७ च्या निवडणुकीतच आपण संसदेमार्फत करार मंजूर करू असे उघडपणे सांगितले होते आणि लोकांनी त्यांना निवडून दिले. प्रातिनिधिक लोकशाहीत हे सर्वस्वी कायदेशीर आहे. पण जो प्रश्न तुम्ही स्वतः होऊन माझ्यापुढे ठेवला, त्याचे उत्तर न आवडल्यामुळे दुसऱ्याकडून मिळवायचे, हा व्यवहार कायद्यात बसला तरी सचोटीत बसतो काय? प्रश्न मुळीच विचारला नसता तर एक वेळ चालले असते. आयर्लंडच्या दोन सार्वमतांपेक्षा फ्रान्सचे न झालेले दुसरे सार्वमत मला अधिक अपमानास्पद वाटते.

ब्रिटनमध्ये उलटे झाले. २३ जून २०१६ रोजी ५२ टक्के मतदारांनी संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि तो पाळण्यात आला. परंतु बाहेर पडून कोठे जायचे, हे मतपत्रिकेवर लिहिलेलेच नव्हते. प्रत्येकाने त्या रिकाम्या जागेत आपापले चित्र भरले. स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांना संघातच राहायचे होते. मग सार्वभौम कोण, ब्रिटिश जनता की स्कॉटिश जनता? गंमत अशी की, आयर्लंडला पुन्हा विचारणे ही लोकशाहीची थट्टा मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या पुष्कळांनी ब्रिटनच्या बाबतीत आपापल्या जागा अगदी सहज बदलल्या.

या मतदानाशी आपल्या माणसांचाही संबंध आला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोवा, दमण वा दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. पोर्तुगाल १९८६ पासून युरोपीय समुदायात असल्याने तो पासपोर्ट घेऊन हजारो गोवेकर ब्रिटनला गेले. स्विंडन शहरात तर त्यांची मोठी वस्ती झाली. २०१६ च्या सार्वमतात पोर्तुगीज नागरिकांना मताधिकार नव्हता. मात्र ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना, म्हणजे भारतीय पासपोर्ट असलेल्यांना, तो होता. एकाच घरातील दोन भाऊ स्विंडनमध्ये राहत असतील, एकाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल आणि दुसऱ्याने भारतीय ठेवला असेल, तर ज्याचे भवितव्य पणास लागले होते त्याला मत नव्हते आणि ज्याला त्याची झळ बसणार नव्हती त्याला मत होते. स्विंडनने सुमारे ५५ टक्के मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. आधीपासून राहणाऱ्यांना अर्ज करून राहण्याची मुभा मिळाली. २०२१ च्या आरंभापासून नव्याने येऊ पाहणाऱ्यांची ती वाट बंद झाली. ‘जनता’ या शब्दाची कड कोठे येते, हे समजून घ्यायला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथापेक्षा हे उदाहरण अधिक उपयोगी पडेल.

युरोपीय माणूस राष्ट्राच्या बाजूचा की युरोपच्या, असा प्रश्न टाकून पाहणी करणाऱ्यांना बहुधा सरळ उत्तर मिळत नाही. ‘मी माझ्या देशाचा आणि युरोपचाही’ असे म्हणणारे बहुसंख्य असतात. कित्येक देशांत लोकांचा आपल्या सरकारपेक्षा युरोपीय संघावर अधिक विश्वास असल्याचे दिसते. तरीही युरोपीय संसदेच्या १९७९ मधील पहिल्या निवडणुकीत ६२ टक्के मतदान झाले होते, ते २०१४ मध्ये ४३ टक्क्यांच्याही खाली आले आणि त्यानंतर ५१ टक्क्यांच्या आसपास स्थिरावले. म्हणजे विश्वास आहे, पण जिव्हाळा बेताचा. याला वैचारिक गोंधळ म्हणणे मला पटत नाही. बोदँची अखंड सत्ता सामान्य माणसाला नकोच आहे. आपल्याला विचारण्यासाठी कोणीतरी आपल्या दारापर्यंत आले पाहिजे, एवढेच त्याला हवे आहे.

नॉर्वेच्या लोकांनी १९७२ आणि १९९४ अशा दोन वेळा संघाला नकार दिला. तो पाळला गेला. तथापि सामाईक बाजारपेठेत राहण्यासाठी संघाचे असंख्य नियम नॉर्वे आजही स्वीकारतो. ते करताना त्याला मत नसते. हिशेबी माणूस म्हणेल की हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. नॉर्वेजियन माणसाला तो हिशेब ठाऊक आहे आणि तरी त्याला आपले दार आपल्या हाताने लावलेले आवडते.

डेन्मार्कने जून १९९२ मध्ये अवघ्या ५०.७ टक्के मतांनी मास्ट्रिख्ट करार नाकारला, तेव्हा सामाईक चलन, संरक्षण, न्याय-पोलीस व्यवस्था आणि नागरिकत्व या चार बाबतींत त्याला वगळण्याचे इतरांनी मान्य केले. मे १९९३ मध्ये ५६.७ टक्क्यांनी होकार दिला. त्या रात्री कोपनहेगनमध्ये दंगल उसळली, पोलिसांनी गोळीबार केला आणि अकरा जण जखमी झाले. सगळ्यांनीच तो होकार आनंदाने दिला नव्हता. त्या सवलती मात्र केवळ कागदावर राहिल्या नाहीत. २००० मध्ये चलनाविषयी विचारले, लोक ‘नाही’ म्हणाले आणि ते ‘नाही’ राहिले. २०१५ मध्ये न्यायव्यवस्थेविषयी विचारले, तेव्हाही तसेच. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर संरक्षणाविषयी विचारले, तेव्हा दोन-तृतीयांश डॅनिश मतदारांनी तीस वर्षांपूर्वी लावलेले दार स्वतः उघडले. चलनाचे दार त्यांनी अजून उघडलेले नाही. कोपनहेगनच्या बाजारात आजही क्रोनच चालतो.